फवारा, पाठीवरचं औषध, इंजेक्शन की पाला? गोचिडीसाठी काय निवडावं

एकाच आठवड्यात दोघांचे फोन आले. आमचे दाजी जांबोटीच्या पुढे राहतात. त्यांच्या चार म्हशी आणि दोन गावठी गाई दिवसभर रानात चरतात. मेहुणा निपाणीजवळ. त्याच्याकडे तीन एचएफ (होल्स्टिन) गाई, पक्का गोठा, गाई दावण सोडत नाहीत. प्रश्न दोघांचा एकच: गोचिडीवर कुठलं औषध आणू? मी दोघांना वेगवेगळं उत्तर दिलं. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून चिकोडीपर्यंत हाच प्रश्न घरोघरी असतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो.

आधी गाईच्या कानाची पाळी उलटी करून बघा. मग शेपटीखाली, कासेच्या मागे, मानेखालच्या पोळीत. रक्त पिऊन फुगलेली मादी करड्या रंगाची, हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये एरंडाला आणि गोचिडीला नावच एक आहे, रिसिनस. ही फुगलेली मादी आपणहून खाली पडते, भेगेत किंवा पाल्याखाली शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची, राईच्या दाण्याहून बारीक पिल्लं निघतात, गवताच्या शेंड्यावर चढतात आणि जनावराची वाट बघत कित्येक आठवडे उपाशी राहू शकतात. म्हणजे आपल्याला अंगावर दिसते ती गोचिडींची थोडी फौज. मोठी फौज जमिनीत, गवतात आणि भिंतीत असते. औषध निवडताना माणसं नेमकं हेच विसरतात.

आता जाती, कारण निवड त्यावरच ठरते. आपल्याकडे गाईम्हशींवर सगळ्यात जास्त आढळते ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ही पिल्लापासून मादी होईपर्यंत साधारण तीन आठवडे एकाच जनावरावर राहते. तिच्यामुळे बबेसिओसिस होतो, ज्यात लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते, आणि ॲनाप्लाज्मोसिसही होतो. बबेसियाचा जंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून नुकतं निघालेलं पिल्लूही तो घेऊनच येतं.

दुसरी हायलोमा. हिच्या पायांवर फिकट पट्टे असतात, तोंड लांब असतं. कोरड्या पट्ट्यात, म्हणजे चिकोडी, रायबाग, अथणीकडे हिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. एकदा पोसून झालं की ती अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढते. थायलेरिओसिस हा तापाचा आजार हीच आणते. संकरित गाईचा हा खरा काळ. १०४ ते १०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, पुढे रक्त कमी होऊन डोळे पांढरेफटक. गावठी गाय बहुतेकदा निभावून नेते, पण एचएफ आणि जर्सी आडव्या होतात. बरी झालेली गायही जंतू अंगात बाळगत राहते, म्हणून गोठ्यात आजारी कोणी दिसत नसलं तरी भेगेतल्या गोचिडीला जंतू मिळतच राहतो.

तिसरी रानातली, हिमाफायसॅलिस. तिच्याकडे शेवटी येतो, कारण ती माणसाच्या जिवावर उठते.

फवारा की पाठीवरचं औषध

फवाऱ्यात आपल्याकडे तीन औषधं चालतात. १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन लिटरला २ मिली, १० टक्के सायपरमेथ्रिन लिटरला १ मिली, १२.५ टक्के अमिट्राझ लिटरला २ मिली. फवारा स्वस्त पडतो आणि गोठ्याच्या भिंतीवरही मारता येतो. पण तो नीट मारायला वेळ आणि पाणी दोन्ही लागतं. मोठ्या गाईला तीन-चार लिटर मिश्रण लागतं, केस मुळापर्यंत भिजावे लागतात. बहुतेक जण लिटरभरात दोन गाई उरकतात आणि पाठ तेवढी ओली करतात, जिथे गोचीड जवळजवळ नसतेच.

पाठीवर ओतायचं औषध म्हणजे १ टक्का फ्लुमेथ्रिन. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत रेघ ओढायची, १० किलो वजनाला १ मिली, म्हणजे ४०० किलोच्या गाईला ४० मिली. पाणी नको, पंप नको, बिथरणाऱ्या म्हशीला धरून ठेवायला नको. महाग पडतं, पण रोज दुधाला जाणाऱ्या बाईमाणसाला एकटीनं करता येतं, आणि माझ्या लेखी ही फार मोठी सोय आहे.

दुकानात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन एकाच घराण्यातली औषधं आहेत. पहिलं लागू पडेनासं झालं की तिसरंही लागू पडेल याची खात्री नाही. अमिट्राझचं घराणं वेगळं. माझ्या गोठ्यात हे मी स्वतःच ओढवून घेतलं होतं. बाटलीचं टोपण हेच माप धरून बादलीला एक टोपण टाकायचो. बादली कधी सात लिटरची, कधी पंधराची. दोन हंगाम गोचिडी गळल्या, तिसऱ्या हंगामात फवारा मारल्यावर दुसऱ्या दिवशीही त्या तशाच चालत होत्या. कमी मात्रेनं कमजोर मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पाच रुपयांची औषधी पिचकारी घ्या आणि तिनंच मोजा.

अमिट्राझचं मिश्रण करून ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. घोड्याला ते अजिबात मारू नका, आतडी थंडावून पोटशूळ होतो. सीमाभागात शर्यतीची घोडी बाळगणारी घरं कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. फवाऱ्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा म्हणजे अंग चाटणार नाही. जखमेवर, डोळ्यांत, तोंडावर मारू नका, आणि धार काढण्याआधी कास धुवा. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे बाटलीवर लिहिलेलं असतं. ते कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर डॉक्टरांकडून वाचून घ्या, अंदाज करू नका. उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, डेल्टामेथ्रिनच्या घराण्यानं मासे पटापट मरतात.

इंजेक्शन

आयव्हरमेक्टिन कातडीखाली, ५० किलोला १ मिली. एका टोचणीत जंत, खरूज आणि गोचीड, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. भाकड गाईला किंवा दुधावर नसलेल्या कालवडीला मीही डॉक्टरांकडून देतो. दुभत्या गाईला देत नाही. ते दुधातून बरेच दिवस उतरतं, आणि ते दूध आपल्याच घरातलं लेकरू पितं. शिवाय भेगेतल्या गोचिडीला इंजेक्शन पोचत नाही. मेहुण्याला मी याच कारणासाठी नको म्हटलं.

पाला, वेखंड आणि तंबाखू

राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ एक घरगुती फवारा सांगतं: लसूण, कडुनिंबाचा पाला आणि निंबोळी, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला आणि तुळस वाटून लिटरभर पाण्यात गाळायचं, जनावरावर आणि गोठ्याच्या भेगांत मारायचं, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी. यात मला दम वाटतो, पण अट एकच, दर आठवड्याला करायला हवं. घरात करणारं माणूस असेल, गोचिडी थोड्या असतील, तर हा चांगला मार्ग आहे आणि दुधाची भीती नाही. गोचिडी घोसानं लटकत असतील तर आधी औषधानं आवरा, मग पाल्यानं टिकवा.

तंबाखूच्या पाण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, करू नका. निपाणीच्या पट्ट्यात चुरा फुकट मिळतो, उकळून अंगाला लावायची जुनी सवय आहे. गोचिडी गळतात हे खरं. पण निकोटीन कातडीतून अंगात जातं, आणि किती गेलं याचं माप नसतं. एका ओळखीच्या घरी महिन्याचं वासरू माझ्यासमोर थरथरायला लागलं, तोंडातून लाळेची तार, मग मागचे पाय लटपटले. डॉक्टर येईतो ते वाचलं, पण त्याची ती नजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पिकावरचं कीटकनाशक गाईवर मारणंही तितकंच वाईट. उसाला चालतं ते गाईला चालतं, असं नसतं.

गोठा

याला पर्याय नाही, म्हणून तुलनेत हे घेतच नाही. भेगा सिमेंटनं बुजवा, चुना मारा, गव्हाणीखालचा कचरा आणि जुनी पिंजर काढा. दगडी भिंत असेल तर भेगांवरून आगीची ज्योत फिरवा, पण कडबा, गंजी आणि गवती छप्पर जवळ असेल तर हा नाद नको. दोन-चार कोंबड्या सोडा, त्या खाली पडलेल्या मादीला अंडी घालायच्या आधीच टिपतात. बाजारातून आणलेलं जनावर औषध मारून काही दिवस वेगळं बांधा. हायलोमा असलेल्या गोठ्यात नुसतं गाईच्या अंगावर औषध मारणं म्हणजे भांडं गळतंय तिथे बोट न लावता वरून पाणी ओतत राहणं.

मेहुण्याला म्हणून मी असं सांगितलं: आधी भिंती. मग अमिट्राझचा फवारा गाईवर आणि भिंतींवर, दर १५ ते २१ दिवसांनी, तीन वेळा तरी, म्हणजे अंगावरची पिढी अंडी घालायच्या आत मरून पडेल. आणि कालवडी दोन महिन्यांच्या झाल्या की थायलेरियाची लस, रक्षावॅक-टी. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून सरकारी पशुवैद्यकांशी आधी बोलून ठेवावं. गाय तापली की वाट बघायची नाही. कानाच्या कडेच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासायला लावायचा. थायलेरियावर बुपारव्हाकोन लवकर दिलं तर गाय उठते, उशीर झाला तर औषध असूनही हातची जाते. फिरत्या जनावरांच्या दवाखान्याची गाडी हवी असेल तर १९६२ हा नंबर आहे.

दाजींची गोष्ट वेगळी. त्यांच्या म्हशी रोज रानातून नव्या गोचिडी घेऊन येतात, तिथे भिंतीत सिमेंट भरून भागत नाही. त्यांना पाठीवरचं औषध परवडतं तेवढं, म्हशी आत घ्यायच्या आधी हात फिरवून तपासणं आणि चराईची जागा आलटून पालटून. पण त्यांच्याशी मी जास्त बोललो ते म्हशींबद्दल नाही.

जांबोटी, कणकुंबी, भीमगडचं रान म्हणजे माकडतापाचा शेजार. माकडताप म्हणजे हिमाफायसॅलिसच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणूचा ताप. क्यासनूर जंगल शिवमोग्गा जिल्ह्यातलं, १९५७ साली तिथे या विषाणूचा शोध लागला; कन्नडमध्ये याला मंगन कायिले म्हणतात. २०१५ ला गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माणसं आजारी पडली, आणि हे दोन्ही तालुके खानापूरच्या कुंपणाला लागूनच. गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला गेलेल्या कर्नाटकातल्या मजुरांनाही हा ताप झालेला आहे. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, नेमका काजूचा, सरपणाचा आणि पाला गोळा करण्याचा. गाईगुरांना हा आजार होत नाही, पण हिमाफायसॅलिसच्या मोठ्या माद्या त्यांच्यावर पोसतात, म्हणून रानात गुरं जितकी, गोचिडी तितक्या. माणसाला चावतात त्या बहुतेक तिच्या तिळाएवढ्या कोवळ्या अवस्था, आणि त्या दिसतसुद्धा नाहीत.

मेलेलं माकड किंवा वानर रानात दिसलं तर जवळ जाऊ नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरलेल्या असतात. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. जुनी लस परिणाम कमी दिसल्यामुळे थांबवलेली आहे, म्हणून सगळा भार अंग झाकण्यावर आहे. लांब बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात आणि अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे हात फिरवायचा. अडकलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, विडीचं टोक, चुना काही नको, आणि नखावर चिरडायची तर मुळीच नाही. मग साबणानं हात.

आक्का दरवर्षी काजू गोळा करायला जाते. तिला मी एवढंच म्हटलं: रानातून आल्यावर आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंगदुखी, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोल, "मी रानात गेले होते." डॉक्टरांना ते कळलं नाही, तर ते डेंग्यू शोधत बसतील.