ऑखनान्यूरचा किल्ला: वर चढण्याआधी कोट बघा

लेकीकडे आयर्लंडमध्ये गॉलवेला गेले होते, तेव्हा तिने औटरार्डजवळचा हा किल्ला दाखवला. किल्ला म्हणजे सहा मजली दगडी मनोरा, साधारण १५०० सालचा, ओ'फ्लॅहर्टी घराण्याचा. आलेला प्रत्येक जण आधी वर पळतो. मी खाली आवारातच रमले.

मनोऱ्याला एकात एक असे दोन कोट आहेत. अशा कोटाला तिकडे 'बॉन' म्हणतात, आणि मूळ आयरिश शब्दाचा अर्थ गुरांचा कोट असा सांगतात. माझं माहेर दुधाच्या धंद्यातलं, गोठ्यात पंधरा म्हशी, त्यामुळे मला ते लगेच पटलं. त्या काळी तिथली श्रीमंती गाईंवर मोजायचे. शेजारच्या घराण्याशी बिनसलं की त्याचा कळप हाकून आणायचा. पण दुभती गाय काही घोड्यासारखी पळत नाही! वासरू मागे राहिलं की ती वळून उभीच राहते. मग मागून पाठलागवाले गाठणारच, आणि खरी मारामारी परतीच्या वाटेवर. हा ताप नको असेल तर बलाढ्य सरदाराला खंडणी भरायची. इंग्रज तिला 'ब्लॅक रेंट' म्हणत.

दारातून आत शिरलात की मान वर करा. छतात एक भोक आहे, घुसखोराच्या डोक्यात दगड घालायला. जिना गोल आणि अरुंद. माझ्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्यावर हात टेकले, लेक माथ्यावर जाऊन आली.

मेजवानीच्या दालनाची एकच भिंत उरलीय, बाकीचं नदीने खालून पोखरून पाडलं. त्या भिंतीच्या खिडक्यांवर मात्र द्राक्षाचे वेल कोरलेत. गुरं पळवणाऱ्यांच्या घरात एवढी हौस! मी तिथे दहा मिनिटं उभी होते.

१५७२ मध्ये एडवर्ड फिटन या इंग्रज अधिकाऱ्याने किल्ला जिंकला आणि दिला कोणाला, तर ओ'फ्लॅहर्टींपैकीच मुरोला. त्याचं टोपणनाव 'कुऱ्हाडींचा'. भाऊबंदकी तिकडेही आहेच.

हिवाळ्यात बंद असतो, तारखा बघून निघा. बसने गेलात तर हमरस्त्यापासून आत चालावं लागतं. पाचपैकी चार तारे, एक गुडघ्यांनी खाल्ला.