जुन्या छोट्या कॅबिनेटमध्ये आजचं ग्राफिक्स: लो-प्रोफाइल कार्ड, एपीयू, रायझर की बाहेरचा डबा?

वीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या कॉम्प्युटरचं छोटं देखणं कॅबिनेट हाती लागलं की डोक्यात पहिला विचार येतो तो हाच, की आतलं सगळं काढू, आजचं मशीन बसवू आणि त्यावर गेम चालवू. मी असे तीन डबे पूर्ण केलेत, चौथा टेबलावर उघडा पडलाय, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की "यात कुठलं ग्राफिक्स कार्ड बसेल?" बसायला बरंच काही बसतं हो, पण बसल्यावर त्याची गरम हवा कुठून बाहेर पडणार हे आधी बघा, निम्मे पर्याय तिथेच गळतात आणि निवड सोपी होते.

आधी मापं घ्या, आणि आतली घ्या, बाहेरची नाही. लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, कार्डाची उंची साधारण ६९ मिलिमीटर, पण त्याचा मागचा, पोर्ट असलेला पत्र्याचा ब्रॅकेट ७९ मिलिमीटरचा असतो आणि लोक नेमकं हेच विसरतात. पूर्ण उंचीच्या कार्डाचा ब्रॅकेट १२० मिलिमीटर. एका स्लॉटची (मदरबोर्डवर कार्ड खोचायच्या खाचेची) जागा २०.३२ मिलिमीटर, म्हणजे दोन स्लॉटचं कार्ड म्हणजे ४० मिलिमीटर जाडी धरून चाला. आता १९९० सालचा ॲपलचा मॅकिंटॉश एलसी घ्या, त्या चपट्या डब्याची बाहेरूनच उंची साडेसात सेंटीमीटरच्या आसपास आहे, त्यात मदरबोर्डवर उभं लो-प्रोफाइल कार्डसुद्धा राहणार नाही, आडवंच झोपवावं लागणार. हे कार्ड विकत घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मी काय करतो, जाड पुठ्ठा कापून १६७ बाय ६९ बाय ४० मिलिमीटरचं डमी कार्ड बनवतो, कडा चिकटपट्टीने बंद करतो आणि ते आत बसवून झाकण लावून बघतो. पॉवरची वायर लागणारं कार्ड असेल तर कनेक्टरच्या जागी पुठ्ठ्याचाच एक ठोकळा चिकटवतो, वायरीच्या वळणाला दोन-तीन सेंटीमीटर लागतातच. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माझ्या दुसऱ्या डब्यात याच पुठ्ठ्याने दाखवून दिलं की पुढच्या हार्ड डिस्कच्या खणाची घडी घातलेली पत्र्याची कड बरोब्बर कार्डाच्या पंख्यासमोर येतेय, कार्ड बसलं असतं पण पंखा घासला असता.

आता पर्याय. सगळ्यात जास्त लोकांनी जिथे जावं असं मला मनापासून वाटतं तो म्हणजे ७० वॅटच्या आतलं लो-प्रोफाइल कार्ड. कारण साधं आहे, पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळे वेगळी पॉवर वायर ओढावी लागत नाही आणि छोट्या डब्यात एक वायर कमी म्हणजे हवेला तेवढी वाट जास्त. यात दोन नावं कायम समोर येतात, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल (२०२४ मध्ये आलं, ७० वॅट) आणि आरटीएक्स ए२००० (२०२१ चं, तेही ७० वॅट, ६ किंवा १२ जीबी). कागदावर बघितलं तर ३०५० मध्ये २३०४ कुडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) आणि ए२००० मध्ये ३३२८, म्हणजे वेगात ए२००० थोडी पुढेच राहते. पण माझ्यासाठी खरा फरक पंख्यात आहे. ३०५० ची लो-प्रोफाइल कार्डं साध्या पंख्यांची असतात, हवा हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) मारतात आणि ती गरम हवा डब्यातच चारी बाजूंनी पसरते. ए२००० ला ब्लोअर आहे, तो हवा एका बाजूने ओढून बरीचशी मागच्या ब्रॅकेटमधून बाहेर फेकतो. आवाज थोडा जास्त येतो हे खरंय, पण ज्या कॅबिनेटला बाजूला एकही छिद्र नाही तिथे हा ब्लोअर सोन्यासारखा. उलट बाजूच्या पत्र्याला जाळी असेल तर ३०५० घ्या, शांत चालेल, नवीन वॉरंटीसकट मिळेल आणि साधा एचडीएमआय पोर्ट मिळेल, ए२००० ला चारही मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत म्हणजे केबल बदलायची तयारी ठेवा.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. मिनी-आयटीएक्स बोर्ड (१७० बाय १७० मिलिमीटर) वापरत असाल तर त्याचा एकुलता एक स्लॉट बोर्डच्या अगदी कडेला असतो आणि कार्डाचा पंखा बाहेरच्या पत्र्याकडे तोंड करून बसतो. म्हणजे पत्रा बंद असेल तर पंखा भिंतीला तोंड लावून श्वास घेतोय असं समजा. माझ्या पहिल्या डब्यात असंच झालं होतं, कार्डाचं तापमान चालण्यासारखं होतं म्हणून मी खूश, आणि वीस-पंचवीस मिनिटं गेम चालला की अचानक सगळं अडखळायला लागायचं. दोन संध्याकाळी कार्डावरच संशय घेत बसलो. शेवटी कळलं की बोर्डच्या पाठीमागे लावलेला एनव्हीएमई एसएसडी तापून हळू होत होता, कारण तिथे हवाच पोचत नव्हती आणि कार्डाची सगळी धग डब्यात साचत होती. एसएसडी पुढच्या स्लॉटवर आणला, मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा एक हळू फिरणारा पंखा हवा बाहेर काढायला लावला आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून मी फक्त कार्डाचं नाही तर प्रोसेसर, एसएसडी सगळ्यांचं तापमान झाकण लावून, तासभर गेम चालवून बघतो.

याच जातीतलं पण जास्त ताकदीचं म्हणजे लो-प्रोफाइल आरटीएक्स ४०६०. गिगाबाइटचं मॉडेल १८२ मिलिमीटर लांब, दोन स्लॉट, तीन छोटे पंखे. वेगात ३०५० च्या बरंच पुढे, यात वाद नाही. पण ११५ वॅट आणि ८ पिनची वायर लागते. म्हणजे ४५ वॅट जास्त उष्णता, एक जाड वायर जास्त आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) त्या मापाचा. ज्यांच्याकडे हवा आत यायला आणि बाहेर जायला दोन वेगळ्या वाटा आहेत त्यांनी खुशाल घ्यावं, बाकीच्यांनी ३०५० वर थांबावं, नाहीतर तीन छोटे पंखे पूर्ण वेगाने ओरडत राहतील आणि तुम्हीच कंटाळून पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या वॅटची मर्यादा) खाली आणाल.

जागा एकाच स्लॉटची असेल तर आरएक्स ६४०० किंवा इंटेल आर्क ए३१०. दोन्हींत अट आहे आणि ती नीट वाचा. आरएक्स ६४०० फक्त चार लेनवर (माहिती जायच्या चार वाटांवर) चालतं. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डवर ठीक, पण जुन्या ३.० च्या बोर्डवर तीच वाट निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम झटके मारायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आकुंचित करून साठवणारा भाग) नाही, म्हणजे रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचा विचार असेल तर सोडाच. आर्कचं उलटं, व्हिडिओच्या कामाला, एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटच्या एन्कोडिंगला फार छान, पण रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डवर गेममध्ये चांगलीच मार खाते. डब्यात जुना सेकंडहँड बोर्ड घालणार असाल तर हे आधी बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) तपासा.

आता एपीयू, म्हणजे वेगळं कार्डच नाही, ग्राफिक्स प्रोसेसरच्या चिपमध्येच. पूर्वी मी याला कमी लेखायचो, आता नाही. रायझन ७ ८७००जी मध्ये रेडिऑन ७८०एम आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून ६५ वॅटच्या वर्गातली चिप, आणि त्यावर १०८० पिक्सेलला सेटिंग जरा खाली ठेवून बरेच गेम नीट चालतात. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या घाला, एकच घातलीत तर ग्राफिक्स अर्धमेलं होतं कारण त्याला स्वतःची मेमरी नाही, तो रॅमच वापरतो. ३७ मिलिमीटर उंचीचे बसके कूलर मिळतात, त्यामुळे पाच-सहा सेंटीमीटर उंचीतही मशीन उभं राहतं.

पॉवर मॅक जी४ क्यूबसाठी तर माझं मत ठाम आहे, एपीयूच. जुलै २००० मध्ये आलेला आणि वर्षभरातच, जुलै २००१ मध्ये, थांबवलेला हा डबा १९५ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात बाहेरचं पारदर्शक प्लास्टिकही धरलंय, म्हणजे १७० चा बोर्ड ठेवल्यावर दोन्ही बाजूंना काय उरतं ते बघा. त्यात मुळात पंखाच नव्हता, खालून थंड हवा आत आणि वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर, चुलीच्या धुराड्यासारखं, आणि पॉवर सप्लायही बाहेर ठेवलेला. ही रचना इतकी सुंदर आहे की तिच्या विरोधात जाण्यापेक्षा तिचाच फायदा घ्यावा, बोर्ड उभा लावावा, तळाशी एक हळू पंखा वरच्या दिशेने, पॉवरची वीट (अडॅप्टर) पुन्हा बाहेर. त्यात दोन स्लॉटचं कार्ड कोंबलेलं मी बघितलंय, धुराडंच बुजून जातं.

रायझर, म्हणजे स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी केबल, लावून मोठं कार्ड आडवं झोपवायचं, हा पर्याय पसरट डब्यांसाठी खरोखर चांगला आहे. सनच्या स्पार्कस्टेशन १ सारखा 'पिझ्झा बॉक्स', सुमारे ४१ सेंटीमीटर लांब-रुंद आणि उंची ७ च्या आसपास, त्यात ४० मिलिमीटर जाडीचं कार्ड बोर्डच्या शेजारी झोपतं आणि वर दोनेक सेंटीमीटर हवेला उरतात. पण रायझर चांगला घ्या. मी एकदा जुना ३.० चा रायझर ४.० च्या कार्डाला लावला, मशीन सुरू व्हायचं, पंखे फिरायचे आणि स्क्रीन काळी. बोर्डच्या स्वतःच्या डिस्प्ले पोर्टवरून बायोसमध्ये जाऊन स्लॉट ऑटोवरून जेन ३ (म्हणजे ३.०) वर केला तेव्हा चित्र आलं. तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर हे करायलाही अडचण, म्हणून आधी कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून सेटिंग बदला, मग रायझर जोडा. आणि केबल दुमडताना कडक घडी घालू नका, गोलाई ठेवा.

बाहेरचा डबा म्हणजे कार्ड वेगळं ठेवून ऑक्युलिंक किंवा थंडरबोल्ट या केबलने जोडायचं. ऑक्युलिंक पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या चार लेन म्हणजे सेकंदाला ६४ गिगाबिट देतं, थंडरबोल्ट ४ ची ४० मधली ३२ च्या आसपास पीसीआयला मिळतात, म्हणून घरी कायम एकाच जागी असेल तर ऑक्युलिंक, फक्त ते चालू मशीनमध्ये काढ-घाल करू नका. कॅबिनेटला जवळपास हात लागत नाही हा मोठा फायदा, पण टेबलावर एसएमपीएससकट दुसरा डबा येतो आणि छोट्या मशीनची मजा जाते. दुर्मिळ कॅबिनेट असेल तरच मी याकडे वळेन. नेक्स्टक्यूबसारखा मॅग्नेशियमचा, फूटभर बाजूचा ठोकळा ग्राइंडरने कापलेला बघितला की मला खरंच त्रास होतो, तसे डबे आता पुन्हा बनणार नाहीयेत.

जुना एसएमपीएस वापरायचा मोह टाळा. त्यावर २०० किंवा २५० वॅट छापलेलं असतं, पण त्या काळचे सप्लाय ५ आणि ३.३ व्होल्टवर जोर देणारे, आणि आजचं मशीन जवळपास सगळं १२ व्होल्टवर ओढतं, त्यामुळे आकडा पुरेसा दिसूनही मशीन गेम सुरू होताच बंद पडतं. आतले कपॅसिटर वीस वर्षांचे झालेत ते वेगळंच. जागा असेल तर एसएफएक्स (१२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर), नसेल तर फ्लेक्स एटीएक्स, ज्याची उंची जेमतेम ४०.५ मिलिमीटर, पण त्याचा ४० मिलिमीटरचा पंखा बारीक किरकिरतो आणि रात्री ते जाणवतं. एपीयूवाल्यांना बाहेरची वीट आणि आत छोटा डीसी बोर्ड पुरतो.

कापाकापीबद्दल एवढंच, की मूळ मागचा पत्रा काढून जपून ठेवा आणि त्याच मापाचा नवीन पत्रा कापून त्यात पोर्टची भोकं पाडा. जुनं पिवळं पडलेलं एबीएस प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, क्लिप ओढू नका, पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवत सोडवा. आणि आत पिक्चर ट्यूब असलेला जुना मॅक उघडणार असाल तर थांबा, ट्यूबमध्ये वायर काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो, जाणकाराकडून ती डिस्चार्ज करून घ्या.

ज्यांना विंडोज ९८ च्या काळातलेच गेम खेळायचेत त्यांनी यातलं काहीच करू नये, मूळ बोर्ड ठेवावा आणि जीफोर्स ६ मालिकेपर्यंतचं एखादं एजीपी (पीसीआय एक्स्प्रेसच्या आधीचा स्लॉट) कार्ड शोधावं, ९८ चे अधिकृत ड्रायव्हर तिथपर्यंत मिळतात. बाकीच्यांनी आज रात्री पुठ्ठा आणि कात्री घ्या, ७९ मिलिमीटरचा ब्रॅकेट धरून डमी कापा आणि झाकण लागतंय का बघा.