चक्कर कोणत्या कानाची, हे सांगणारी तपासणी: नाशिकमधील एका केंद्राचा अनुभव

माझ्या आईला गेल्या दिवाळीपासून गरगरण्याचे झटके येत होते. झटका आला की दोन-तीन तास ती पलंगाची कड घट्ट धरून पडून राही, उलट्या होत, डाव्या कानाला दडे बसत आणि त्याच कानात जुन्या फ्रिजसारखी घरघर सुरू होई. निफाडला आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग मानेच्या मणक्याचा एक्स-रे काढून गळ्यात पट्टा आला. त्यात पाच महिने गेले. अखेर नाशिकच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऐकण्याची आणि आतल्या कानाच्या तोलाची, अशा दोन्ही तपासण्या एकत्र करून घ्यायला सांगितले. त्यासाठी कॉलेज रोड परिसरातील एका खासगी केंद्रात आम्ही दोनदा गेलो. त्या दोन्ही भेटींविषयी हे लिहितो आहे.

दोनदा जावे लागले, यात चूक केंद्राच्या स्वागतकक्षाची होती. फोनवर आम्हाला फक्त तीन तास आधीपासून काही खाऊ नका, एवढेच सांगण्यात आले. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या तपासणीआधी साधारण ४८ तास, अर्थात डॉक्टरांना विचारूनच, बंद ठेवाव्या लागतात, कारण त्या घेतल्या असतील तर कानाचा प्रतिसाद दबतो; हे कोणी सांगितले नाही. डोळ्यांत काजळ नको, कारण कॅमेरा बुबुळाऐवजी काजळाची काळी कडच धरतो, हेही आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. या तपासण्या करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी मात्र आईने सकाळीच गोळी घेतल्याचे ऐकताच तोलाची तपासणी करण्यास स्पष्ट नकार दिला आणि त्या दिवशी फक्त ऐकण्याची चाचणी केली. पैसे घेऊन निरुपयोगी अहवाल देणे त्यांना सहज शक्य होते, म्हणून त्या नकाराचे मला मोल वाटते.

दुसऱ्या भेटीत यंत्राला हात लावण्याआधी त्यांनी वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. मराठीत आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. पण घर गरगर फिरणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि चालताना तोल जाणे या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा निराळी असतात. गरगरणे काही सेकंद टिकते, काही तास की काही दिवस, या एका प्रश्नावर अर्धे निदान अवलंबून असते, असे त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत आईला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर इन्फ्रारेड कॅमेऱ्यांचा बंदिस्त चष्मा लावून डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या गेल्या. मान एका बाजूला वळवून आईला झटकन आडवे निजवले, तेव्हा बुबुळे स्थिर राहिली. म्हणजे आतल्या कानातील कॅल्शियम कार्बोनेटचे कण जागेवरून सुटून नलिकेत शिरल्यामुळे येणारी, कूस बदलताच जाणवणारी आणि फार तर मिनिटभर टिकणारी चक्कर ही नव्हे.

खरी कसोटी लागली पाण्याच्या चाचणीत. डोके ३० अंश वर ठेवून निजवतात आणि प्रत्येक कानात आळीपाळीने ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे अर्धा मिनिट सोडतात, म्हणजे शरीराच्या तापमानाहून ७ अंश खाली आणि ७ अंश वर. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर पाणी वापरत नाहीत, त्यामुळे कान पूर्वी वाहत असल्यास ते आधीच सांगावे. या तापमानामुळे अर्धवर्तुळाकार नलिकेतील द्रव हलतो, मेंदूला डोके फिरल्याचा भास होतो आणि डोळे एका बाजूला सरकून झटक्याने परत येऊ लागतात. कान धुताना रुग्णांना चक्कर येते, या साध्या निरीक्षणावरून व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी याची उकल केली आणि त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांचे हे झटके मेंदूने दाबू नयेत, म्हणून रुग्णाचे मन दुसरीकडे गुंतवावे लागते. आईने अनेक वर्षे रेल्वेने ये-जा केली आहे, हे मॅडमनी बोलण्यात हेरले होते. “काकू, डोळे उघडे ठेवा आणि नाशिक रोडपासून मनमाडपर्यंतची स्टेशने सांगा,” असे त्या म्हणाल्या. उजव्या कानात गरम पाणी गेल्यावर आई ओढा, खेरवाडी एवढे म्हणाली आणि तिने माझे मनगट आवळले. पुढचे नाव तिला सुचेना. डाव्या कानाच्या वेळी मात्र ती कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव करत थेट मनमाडला पोहोचली आणि “पाणी सोडलं का?” असे विचारू लागली. अहवाल यायच्या आधीच डावा कान मंदावल्याचे मला तिथे उभ्या उभ्या उमगले. उजव्या कानाने उठलेली गरगर दोनेक मिनिटांत ओसरली. चाचणीची भीती वाटत असलेल्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

अहवालात डावी बाजू ३८ टक्के कमजोर निघाली. साधारण २५ टक्क्यांपर्यंतचा फरक तिथे सामान्य धरतात. ठिपक्यावर नजर रोखायला लावून डोके झटकन किंचित वळवण्याची चाचणी मात्र दोन्ही बाजूंना नीट आली. पाण्याच्या चाचणीत, म्हणजे संथ हालचालीला, कान कमी पडतो आणि डोके झटकण्याच्या वेगवान हालचालीला पुरतो, त्यातच खालच्या स्वरांचे ऐकणे घटलेले, हे चित्र मेनिएर या आतल्या कानाच्या विकाराशी जुळते, असे तज्ज्ञांनी समजावले. गळ्यातला पट्टा त्याच दिवशी निघाला. मीठ कमी करायचे म्हणून लोणचे-पापड बंद झाले आणि औषध बदलले.

सर्व मिळून खर्च चार हजारांच्या आत आला आणि तो आधी लेखी कळवला होता. अहवाल पूर्ण इंग्रजीत असला, तरी मॅडमनी कागदावर कानाची आकृती काढून आईला तिच्याच भाषेत सगळे सांगितले. एक तक्रार मात्र गंभीर आहे. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट दोन्ही वेळा बंद होती आणि तोल जाणारी माणसे ज्या जिन्याने चढतात-उतरतात, त्याच्या एका बाजूला कठडाच नाही. मी लेखी कळवले होते. तीन आठवड्यांनी अहवालाच्या प्रतीसाठी गेलो, तेव्हाही जिना तसाच होता आणि आईला मी दंडाला धरून, एकेक पायरी मोजत खाली आणले.