मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन: सहा महिने खेळल्यानंतर

आधीच सांगते, पुढे कथा फुटणार आहे.

पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात सेलमध्ये घेतला, आता दिवाळी होऊन गेली. हिंजवडीहून कोथरूडला पोचून जेवणं आटोपली की रोज तास-दीड तास. मास इफेक्ट या अंतराळकथेचे २००७, २०१० आणि २०१२ चे तिन्ही गेम यात आहेत. आपण नॉर्मंडी या जहाजाचे कप्तान असतो. पीसीवर १२० जीबी जागा मोकळी ठेवा.

पहिल्या भागात रीपर या महाकाय जिवंत यंत्रांचं अख्ख्या आकाशगंगेवरचं संकट उभं राहतं. दुसऱ्यात ते जवळजवळ जागच्या जागी थांबतं आणि आपण माणसं गोळा करत हिंडतो. बारा साथीदार, प्रत्येकाचं घरचं काहीतरी अडलेलं. मला वाटलं, कथा ताणलीय.

मग त्यांतल्या तालीवर तिच्याच क्वेरियन लोकांनी भरलेला देशद्रोहाचा खटला आला. क्वेरियन ही जहाजांच्या ताफ्यात राहणारी परग्रही जमात; त्यांच्या नावात जहाजाचं नाव असतं, जसं आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. खटला उभा राहताना तिच्या नावामागे तिच्या जहाजाऐवजी आपल्या नॉर्मंडीचं नाव लागलेलं असतं. निकालाआधीच तिला परकी केलेलं! पुढे एका जहाजावर तिला वडिलांचं प्रेत सापडतं. गुन्हा त्यांचा, पुरावा माझ्या हातात, आणि ती विनवते की तो दाखवू नकोस. मी लपवला. तिच्या लोकांनी तिला हद्दपार केलं.

तिसऱ्या भागात क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेले यंत्रमानव, गेथ, यांचं युद्ध पेटतं, तेव्हा तह जमायला जे गुण लागतात, त्यांत ती हद्दपारीही मोजली जाते. माझे गुण कमी पडले. मी गेथांची बाजू घेतली, क्वेरियनांचा ताफा जळाला आणि तालीनं मुखवटा काढून कड्यावरून स्वतःला मागे झोकून दिलं. मी कंट्रोलर खाली ठेवला. दोन दिवस गेम उघडला नाही. एका जमातीचा नाश मला कळला तो तिच्यामुळे, ताफा जळताना नाही.

म्हणूनच तिसऱ्या भागात युद्धाच्या तयारीचा जो आकडा गोळा करावा लागतो, तो मला अजून खुपतो. ज्यांच्यासाठी रात्री जागवल्या, ते साथीदारसुद्धा त्या आकड्यात गुण होऊन बसतात. शेवटच्या लढाईत माझं लक्ष माणसांवरून उडून बेरजेवर गेलं. दुसऱ्या भागातल्या अखेरच्या मोहिमेत असं होत नाही. तिथे कुणाला कुठल्या कामावर पाठवलं, यावर जीव जातो.

दुसऱ्या खेपेला तह जमवला. आता धाकटा भाऊ खेळतोय. काल तो खटल्यापाशी पोचला आणि मागे वळून म्हणाला, "ताई, पुरावा दाखवू की लपवू?" मी काही बोलले नाही.