ड्रिफ्टवूड घेतलं खरं, बुडायला तीन आठवडे!

खडेबाजारातल्या एका दुकानातनं दीड फुटाचं ड्रिफ्टवूड, म्हणजे माशांच्या टँकमध्ये शोभेला ठेवायचं लाकूड, घेतलं, मालक म्हणाले दोन दिवसात बुडतंय बघा, पण टँकमध्ये सोडलं तर बुचासारखं वर, पार लाईटला टेकलं. एवढं सोडलं तर लाकूड एक नंबर आहे, कुठं कुजकं नाही, नख रुतत नाही, फांद्यांचा आकार तर बघतच राहावं असा.

वाळलेल्या लाकडाच्या आत हवा भरलेली असते, तिच्या जागी पाणी शिरल्याशिवाय ते बुडत नाही. मी जुन्या पातेल्यात दोन-दोन तास तीनदा उकळलं, पाणी कोऱ्या चहासारखं झालं, मग बादलीत दगडाखाली दाबून ठेवलं आणि रोज पाणी बदललं, तेव्हा एकविसाव्या दिवशी तळाला बसलं. थांबायचं नसेल तर ग्रॅनाइटच्या तुकड्याला तंगुसानं घट्ट बांधा, शहाबादी नको हं, तो चुनखडीचा, पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातले क्षार, वाढतो. नंतर लाकडावर पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, आपोआप जाते, आमच्या प्लेको माशानं तर चाटूनपुसून साफ केली.

पाच पैकी चार स्टार, एक कापला कारण गिऱ्हाइकाला खरं सांगायला पाहिजे होतं की ओ.