महाराष्ट्र शब्दकोश ऑनलाइन वापरताना: अर्थापुढची ओवी

महाराष्ट्र शब्दकोशातली नोंद उघडली की मी हल्ली अर्थाच्या आधी अवतरण वाचते. आषाढीपासून आमचं ज्ञानेश्वरीचं सामूहिक वाचन चालू आहे आणि शब्द अडला की फोनवर हाच कोश उघडतो. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड काढले; पुरवणी १९५० मध्ये आली. हे सगळं शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’वर मोफत शोधता येतं.

या कोशात अर्थ दिला की बहुतेक वेळा पुढे अवतरणचिन्हांत एखादी ओळ येते आणि मग छोटीशी खूण: ज्ञा ६.१४. म्हणजे ज्ञानेश्वरी, सहावा अध्याय, चौदावी ओवी. ही ओवी सगळ्यांच्या ओळखीची आहे, ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’. ‘दा’पुढे तीन आकडे असतात, कारण दासबोधात दशक, समास आणि ओवी असं मोजावं लागतं. ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत. ‘मोकर्ण’ ही खूण सुरुवातीला कुणालाही कोड्यात टाकेल. ते मोरोपंतांचं कर्णपर्व. या खुणांची यादी छापील खंडात असते, पण पडद्यावर सुटी नोंद येते तेव्हा ती समोर नसते. नव्याने वापरणाऱ्यांनी ती आधी मिळवून हाताशी ठेवावी, निम्मा त्रास तिथेच संपतो.

पसायदानातलं ‘खळांची व्यंकटी सांडो’ घ्या. आज आपल्याकडे दूध सांडतं, पाणी सांडतं. तो अर्थ इथे लावला तर ओवी पांगळी होते. टाकणे, सोडून देणे हा जुना अर्थ कोशात मिळतो. पण नुसता अर्थ वाचून आमच्या गटातल्या ज्येष्ठ काकूंचं समाधान होत नाही. ‘असं कुणी म्हटलंय?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला, आणि तो अगदी रास्त आहे. नुसता अर्थ हे कोशकाराचं मत असतं. ओवी आणि तिचा क्रमांक दिला की ते तपासता येतं. मूळ ओवी काढून मागच्यापुढच्या दोन ओव्या वाचल्या की अर्थ पटतो, कधी पटतही नाही, आणि मग खरी चर्चा सुरू होते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी जोडीला ठेवते. १८५७ची त्याची दुसरी आवृत्ती बोलीतल्या छटांसाठी आजही अफाट आहे. मात्र शब्द काव्यातला आहे एवढं सांगून तो बरेचदा पुढे जातो. कुठल्या काव्यातला, हे कळत नाही. १३५०च्या आधीची मराठी वाचत असाल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) घ्यावाच. शिलालेख आणि महानुभावांच्या गद्यातले दाखले त्यात मिळतात. त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत, एवढं लक्षात ठेवा.

दोन अडचणी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, अनुस्वार. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण हा कोश त्याआधीचा. ‘गाव’ मिळाला नाही तर ‘गांव’ टाकून बघा. दुसरी जास्त गंभीर आहे. गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी आणि आपल्या देवघरातली प्रत यांतही ओव्यांचा हिशेब वेगळा पडतो. म्हणून कोशात दिलेल्या क्रमांकावर ती ओळ सापडली नाही तर दाखला खोटा समजू नका. थोडं वरखाली शोधा. आज कुणी नव्या ऑनलाइन कोशात अवतरणं भरत असेल तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ग्रंथ आणि क्रमांकासोबत प्रतही लिहा. पडद्यावर जागेची टंचाई नसते, अर्धी ओवी देण्याचंही कारण नाही.

शोध फक्त शीर्षशब्दांपुरता न ठेवता नोंदींच्या मजकुरातही करता येतो, आणि ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘ऐपो’ शोधलं की ऐतिहासिक पोवाड्यांतले दाखले दिसू लागतात. ‘के’पुढे तारीख दिसली की तो केसरीतला दाखला. संतांच्या ओवीशेजारी वर्तमानपत्रातलं वाक्य ठेवणारे हे संपादक मला फार मोठ्या मनाचे वाटतात.

तरी त्यांचं काम त्यांच्या काळापाशी थांबलं. बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये, पुरवणीच्याही नंतर. दलित आत्मकथनं त्याहून पुढची. खानदेशातल्या शेतातले आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले कितीतरी शब्द आता छापील साहित्यात आहेत, पण या कोशात त्यांच्यापुढे या लेखकांची ओळ नाही. ती भर घालण्याचं काम ऑनलाइनच होऊ शकतं. कुणी हाती घेतलं तर आमचा गट टंकलेखनाला आणि क्रमांक ताडून पाहायला तयार आहे.