दत्तक लेकीच्या पहिल्या सहा आठवड्यांचा डबा: एक अभिप्राय

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रातील एका संस्थेतून आम्ही आमच्या २२ महिन्यांच्या लेकीला घेऊन न्यू जर्सीतील एडिसनजवळच्या आमच्या घरी आलो. त्या दिवसापासून पुढील सहा आठवडे आमच्या घरी रोज संध्याकाळी एका मराठी बाईंकडून डबा येत होता, आणि हा अभिप्राय त्या डब्याविषयी आहे. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण काकू एका वेळी दहाच्या वर कुटुंबे घेत नाहीत आणि जाहिरात करू नये असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरीही परदेशात राहून भारतातून मूल दत्तक घेणाऱ्या मराठी कुटुंबाने अशा डब्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात, हे सांगण्यासाठी नावाची गरज पडणार नाही.

अमेरिकेत हेग करारान्वये, म्हणजे दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, मूल दत्तक घेणाऱ्या पालकांना किमान १० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आमच्या प्रशिक्षणात झोप, भीती, लसीकरण, कागदपत्रे आणि दोन वर्षे पाठवायचे पाठपुरावा अहवाल यांविषयी पुष्कळ सांगितले गेले. जेवणाविषयी मात्र ‘मुलाच्या ओळखीचे पदार्थ द्या’ एवढेच एक वाक्य होते. ते वाक्य बरोबर असले तरी पहिल्या दहा दिवसांत ते अमलात आणायला घरात कोणी शिल्लक राहत नाही. आम्ही दोघेही आलटून पालटून जागत होतो. पहिले काही आठवडे भरवणे, अंघोळ घालणे, झोपवणे आणि उचलून घेणे ही कामे आई-बाबांनीच करावीत, म्हणजे आजवर अनेक हातांत वाढलेल्या मुलाला आपली माणसे कोणती हे उमजू लागते, असा तज्ज्ञांचा सल्ला असल्यामुळे माझ्या सासूबाईंना पुण्याहून बोलावणेही आम्ही उन्हाळ्यापर्यंत लांबणीवर टाकले होते. बाळ बघायला येऊ इच्छिणाऱ्या मैत्रिणींनाही नाही म्हणावे लागले, आणि त्यांतील दोघी अजून थोड्या रुसलेल्या आहेत.

काकूंशी बोलणे आम्ही भारतात जाण्यापूर्वीच करून ठेवले होते. त्यांचा पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय आवडतं?’ असा नव्हता. ‘तिकडे तिला काय देतात, किती वाजता देतात आणि भात कोणता असतो, एवढं लिहून आण गं,’ असे त्या म्हणाल्या. संस्थेतून निघताना मी तो दिनक्रम एका कागदावर उतरवून घेतला: सकाळी आठला नाचणीची पेज, साडेअकराला वरणभात, चारला दूध आणि बिस्किट, सातला मऊ खिचडी. भात जाड, चिकट आणि चांगला शिजवलेला. त्या कागदाचा फोटो मी मुंबई विमानतळावरून काकूंना पाठवला.

त्या कागदाची खरी किंमत आम्हाला दुसऱ्या रात्री कळली. हिवाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेदहा तास मागे असते. म्हणजे आमच्या रात्रीच्या एक वाजता तिच्या पोटाचे साडेअकरा वाजत होते. ती रडत उठायची तेव्हा प्रथम आम्हाला वाटले की तिला नव्या खोलीची भीती वाटते आहे किंवा संस्थेतल्या ताईंची आठवण येते आहे. ती आठवण असणारच, पण त्याच वेळी तिला वरणभात हवा होता. रात्री साडेनऊला पेज आणि एकला वरणभात असे जेवण आम्ही सुरू केले, दर दोन दिवसांनी ते थोडे थोडे पुढे सरकवले, आणि सुमारे बारा दिवसांत तिची मुख्य जेवणे दिवसाउजेडी येऊन बसली. संध्याकाळी साडेपाचला येणाऱ्या डब्यात तिच्यासाठी गुरगुट्या भाताची वाटी आणि फोडणी न दिलेले साधे वरण वेगळे असायचे. ते लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि रात्री वाफ येईपर्यंत गरम करायचे, ही सूचना काकूंनी झाकणावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिली होती. रात्री एक वाजता झोपेत असलेल्या माणसाला झाकणावरची चिठ्ठी किती उपयोगी पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

भाताविषयी थोडे अधिक लिहिते. आम्ही घरात ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेला उत्तम बासमती भरून ठेवला होता. मुलीने तो तोंडात घेऊन एकेक शीत जिभेने बाहेर ढकलले. काकू इंद्रायणी तांदूळ वापरतात. तो शिजल्यावर चिकट होतो आणि हाताने कालवला की त्याचा गोळा होतो. पहिल्या संध्याकाळी हा भात, वरण आणि वर अर्धा चमचा साजूक तूप असे कालवून मी तिच्यापुढे धरले, तेव्हा तिने प्रथम वास घेतला आणि मग आल्यापासून पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडले. विमानात आणि त्याआधीच्या हॉटेलात मिळून चार दिवस ती दूध, केळे आणि बिस्किटांवर होती.

डबा स्टीलचा आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन. मुलीसाठी आम्ही टेबलाला चिकटून बसणाऱ्या, प्राण्यांची चित्रे असलेल्या रंगीत प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या होत्या. तिने त्या उलटून पाहिल्या, खेळायला घेतल्या, पण त्यांत वाढलेले ती खाईना. डब्यातली स्टीलची वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला की मात्र ती दुसऱ्या खोलीतून चालत यायची. संस्थेत सगळी मुले स्टीलच्या वाट्यांतून जेवत, हे मी स्वतः पाहिले होते आणि तरीही मला सुचले नव्हते. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या डब्यातून जेवण पाठवणाऱ्या सेवा स्वस्त पडतात, पण आमच्या घरी त्या चालल्या नसत्या.

एका वेळच्या डब्याला १२ डॉलर पडतात. त्यात मोठ्या माणसासाठी चार पोळ्या, एक भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असते. मुलीच्या वाटीचे वेगळे ३ डॉलर, आणि डब्यांची अनामत २५ डॉलर. काकू एका परवानाधारक व्यावसायिक स्वयंपाकघरात तासांवर जागा घेऊन रांधतात, त्यामुळे दर थोडा चढा आहे. न्यू जर्सीत घरच्या स्वयंपाकघरातून न नासणारे बेकरीसारखे पदार्थ परवाना घेऊन विकता येतात, परंतु वरण, भाजी, भात असे नासणारे शिजवलेले अन्न घरी रांधून विकता येत नाही. कोणी फारच स्वस्त डबा देऊ करत असेल, तर तो कुठे शिजतो हे लहान मुलाच्या पालकांनी निःसंकोच विचारावे.

आणखी एक चौकशी आम्हाला डॉक्टरांनी करायला लावली. बाहेरच्या देशातून दत्तक आलेल्या मुलांची तपासणी करणाऱ्या दवाखान्यात आम्ही दहाव्या दिवशी गेलो. तेथे रक्ताच्या तपासण्या, तीन वेळा घेतलेले शौचाचे नमुने आणि क्षयरोगासाठीची तपासणी असा नेहमीचा क्रम झाला, आणि त्याबरोबर रक्तातील शिशाचेही प्रमाण पाहिले गेले. घरात हळद कोणती आहे, सुटी आणलेली आहे का, असे डॉक्टरांनी विचारले. हळदीचा रंग खुलावा म्हणून शिशाचे क्षार मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आलेले आहेत. अमेरिकेत लहान मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे लक्ष घालतात. आमच्या मुलीचा आकडा त्याखाली होता, पण काकूंना हे विचारताना मला अवघडल्यासारखे झाले. त्यांनी राग मानला नाही. हळदीच्या बंद पाकिटाचा आणि पावतीचा फोटो पाठवला, आणि गावाहून येणारा घरचा मसाला मुलीच्या वाटीत कधीच घालत नाही, असेही लिहिले. शौचाच्या नमुन्यात जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी सापडला. संस्थांतून आलेल्या मुलांत तो वरचेवर आढळतो आणि औषधाने जातो. त्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध कमी केले, तेव्हा काकूंनी नाचणीची पेज दुधाऐवजी पाण्यात करून थोडा गूळ घालून दिली.

आता तक्रारी. चौथ्या दिवशी डबा आणणारा मुलगा नवा होता आणि त्याने दाराची घंटा वाजवली. ‘घंटा वाजवू नये, डबा दाराबाहेरच्या पिशवीत ठेवून संदेश पाठवावा’ असे स्पष्ट ठरलेले असताना हे घडले. दीड तासाच्या प्रयत्नाने झोपलेली मुलगी दचकून उठली आणि अनोळखी माणूस दारात पाहून माझ्या पतीच्या नव्हे, माझ्या अंगाला घट्ट बिलगली. संस्थेत तिचा सगळा वावर बायकांतच होता. दाढीवाला बाबा हाच तिच्यासाठी मुळात मोठा प्रश्न होता, आणि त्या दिवशी आमची गाडी दोन दिवस मागे गेली. काकूंनी क्षमा मागितली आणि पुन्हा तसे झाले नाही, परंतु अशी सूचना तोंडी न देता डबा आणणाऱ्यालाच लेखी पोहोचेल अशी व्यवस्था हवी.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या वाटीत मटकीची उसळ आली आणि तीत अख्खे शेंगदाणे होते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात, हे बालरोगतज्ज्ञ वारंवार सांगतात. आमच्या मुलीच्या बाबतीत हा धोका दुप्पट होता: आजवर कालवलेलेच अन्न मिळाल्यामुळे ती चावत नसे, सरळ गिळत असे. वाटी पुढे ठेवण्यापूर्वी मी ती बोटांनी चाचपून पाहिली म्हणून दाणे हाती लागले. ‘आमच्याकडे सगळी मुलं असंच खातात गं,’ हे काकूंचे पहिले उत्तर मला पटले नाही, आणि मी तसे त्यांना सांगितले. त्यानंतर दाण्याचे कूटच येऊ लागले. चावण्याच्या अडचणीसाठी आम्ही राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर मदत करणाऱ्या, योजनेकडे अर्ज केला. तीन वर्षांखालच्या मुलांची प्राथमिक तपासणी तेथे विनामूल्य होते, आणि तेथून आलेल्या बाईंनी पोळीचा तुकडा कोणत्या जाडीचा असावा हे आम्हाला दाखवले. काकूंनी त्या जाडीच्या मऊ दशम्या करून पाठवल्या, हे नमूद केले पाहिजे.

किरकोळ उणिवा आणखी आहेत. बटाटा आठवड्यातून तीन वेळा येतो, मोठ्यांच्या आमटीत मीठ थोडे जास्त असते, आणि हिमवादळाच्या दोन दिवशी डबा आलाच नाही. वादळाचा दोष मी काकूंवर ठेवत नाही, मात्र आदल्या रात्री कळवले असते तर आम्ही खिमटाचे पीठ भाजून ठेवले असते.

प्रमाणाविषयी एक सूचना. पहिले तीन आठवडे मुलगी पोट भरल्यावरही थांबत नसे, आणि पोळीचा तुकडा मुठीत धरूनच झोपत असे. जेथे जेवण ठरल्या वेळी आणि ठरल्या मापाने मिळते, तेथून आलेल्या मुलांत हे दिसते. वाटी ओढून घेऊ नये, थोडे अन्न तिच्या नजरेसमोर राहू द्यावे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. म्हणून आम्ही मुलीच्या दोन वाट्या मागवू लागलो. दुसरी वाटी बहुतेक वेळा परत फ्रीजमध्ये जायची, परंतु ती टेबलावर दिसत असली की पहिली वाटी ती सावकाश खायची. नवव्या दिवशी तिने पहिला घास बाबाच्या हातून घेतला, तोही या दुसऱ्या वाटीतला होता.

सहा आठवड्यांनंतर आम्ही डबा आठवड्यातून दोनदा केला आणि बाकीचे दिवस घरी इंद्रायणी लावू लागलो. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी प्रवासाच्या किमान महिनाभर आधी बोलून ठेवावे, संस्थेतला दिनक्रम लिहून आणावा, आणि दाणे, घंटा व हळद या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट कराव्यात. काकू मे महिन्यात सांगलीला जातात, तेव्हा डबा बंद असतो. आम्ही डबे परत केले तेव्हा एक वाटी कमी भरली, कारण ती आता मुलीची झाली आहे आणि तिच्या उशाशी असते. काकूंनी अनामतीतून तिचे ४ डॉलर कापून घेतले, आणि ते योग्यच होते.